‘पासवर्ड चुकीचा’ म्हणणाऱ्या मेल सर्व्हरची उलटतपासणी

पहिल्यांदाच मेल सर्व्हर उभा करणारा माणूस साधारण एका ठरावीक वाटेने जातो. मेल अॅप म्हणतं पासवर्ड चुकीचा, म्हणून तो पासवर्ड पुन्हा टाइप करतो. मग पासवर्ड बदलतो. मग कुठेतरी वाचलेल्या पाच ओळी कॉन्फिगमध्ये एकदम घालतो. रात्री बारापर्यंत अशी अवस्था येते, की मूळ चूक कुठली आणि आपण नव्याने घातलेली कुठली, हे त्याचं त्यालाच सांगता येत नाही. या वाटेने मीही गेलोय, आणि तिथून आणलेली एकच गोष्ट इथे सांगायची आहे: पासवर्ड ज्या हातांतून जातो ते हात एकेक करून तपासायचे, आणि तेही मागून पुढे. सगळ्यात आतल्या हातापासून सुरुवात करायची, मेल अॅपकडे शेवटी यायचं.

हे सगळं डेबियन किंवा उबुंटूवर पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-घेणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉट (मेल वाचायला देणारा प्रोग्राम) ही जोडी बसवून लॉगिनपाशी अडकलेल्यांसाठी आहे. फाइली, आज्ञा आणि सेटिंगची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी स्पेलिंग, लहान लिपीत. कॅपिटल लागतं तिथे तसं सांगेन.

पासवर्ड कुणाकडून कुणाकडे जातो

तुमचं थंडरबर्ड किंवा मोबाइलमधलं मेल अॅप ५८७ नंबरच्या पोर्टवर पोस्टफिक्सला नाव आणि पासवर्ड देतं. पोस्टफिक्सला मात्र पासवर्ड तपासता येत नाही. ही उणीव नाही, त्याची रचनाच तशी आहे. हे काम दुसऱ्या तयार प्रोग्रामकडून करून घ्यायचं, असं त्याच्या कागदपत्रांतच लिहिलेलं आहे. मेल वापरणाऱ्याने सर्व्हरला ओळख पटवून देण्याच्या या रीतीला सासल म्हणतात. तिचा पहिला मसुदा १९९७ चा, आणि सध्या मानला जातो तो २००६ चा, आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ४४२२. आपल्या मांडणीत तो दुसरा प्रोग्राम म्हणजे डव्हकॉट. पोस्टफिक्स एका सॉकेट फाइलमधून डव्हकॉटला विचारतं, ‘हा माणूस खरा का?’ डव्हकॉट पासवर्डांच्या यादीत बघतं आणि हो किंवा नाही सांगतं. ही यादी म्हणजे साधी फाइल, डेटाबेस किंवा लिनक्सची स्वतःची खाती, यांपैकी काहीही असू शकतं.

म्हणजे चार ठिकाणं झाली: अॅप, पोस्टफिक्स, सॉकेट, आणि डव्हकॉट व त्याची यादी. यांतल्या कुठेही घोळ झाला तरी अॅपवर बहुतेक वेळा तोच एक संदेश येतो. म्हणून अॅपच्या संदेशावर विसंबून काहीही बदलू नका.

आणखी एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा. पोस्टफिक्स व्हिट्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलं आणि १९९८ मध्ये बाहेर आलं. डव्हकॉट फिनलंडच्या टिमो सिराइनेन यांचं, २००२ चं. दोन लेखक, दोन प्रोग्राम, आणि कॉन्फिग फाइलींची दोन वेगळी व्याकरणं. एकात चालणारी सवय दुसऱ्यात नडते. नवख्यांच्या निम्म्या चुका इथेच होतात असं माझं मत आहे.

हात लावण्याआधी

ईटीसीमधल्या पोस्टफिक्स आणि डव्हकॉट या दोन्ही फोल्डरची, परमिशनसकट, तारीख घालून प्रत काढा (सीपी -ए). गिट येत असेल तर त्याहून बरं. मग ‘पोस्टकॉन्फ -एन’ आणि ‘डव्हकॉन्फ -एन’ या दोन आज्ञा चालवून त्यांचं आउटपुट एका फाइलीत ठेवा. फाइलीत काय लिहिलंय ते या आज्ञा दाखवत नाहीत. प्रोग्रामला त्यातून काय कळलंय ते दाखवतात. या दोन गोष्टींत फरक असतो, आणि तो फरकच आपण शोधतोय.

दुसरी टर्मिनल खिडकी उघडून तिच्यात लॉग वाहता ठेवा. जुन्या मशीनवर तो व्हार/लॉग/मेल.लॉगमध्ये असतो. डेबियन १२ पासून आरसिसलॉग (लॉग फाइली लिहिणारा प्रोग्राम) आपोआप बसत नाही, त्यामुळे ती फाइल नसेल तर घाबरू नका, ‘जर्नलसीटीएल -एफ’ वापरा. रॉकी किंवा अल्मा लिनक्सवर फाइलीचं नाव ‘मेललॉग’, मधला टिंब नाही.

आकडे काय सांगतात

आता अॅपमधून एकदाच, फक्त एकदाच, लॉगिन करून पाहा आणि लॉग वाचा. तीन अंकी आकडा आला असेल तर अर्धं काम झालं.

५३५ आला, तर बाकीची साखळी धड आहे. निरोप यादीपर्यंत पोचला आणि तिथून नकार आला. थेट डव्हकॉटकडे जा. ४५४ म्हणजे तात्पुरती अडचण, डव्हकॉट पडलंय किंवा मध्येच सॉकेट तुटला. ५०३ आणि सोबत ‘ऑथेंटिकेशन नॉट एनेबल्ड’ असेल, तर त्या पोर्टवर लॉगिन चालूच केलेलं नाही. ५३० म्हणजे आधी स्टार्ट-टीएलएस करा (जोडणी कूटबद्ध करा), मग बोला. अॅपमध्ये सुरक्षेचा पर्याय ‘काहीही नाही’वर राहिलाय. ५५४ आणि ‘रिले अॅक्सेस डिनाइड’ हा लोकांना सगळ्यात फसवतो. तो पासवर्डबद्दल बोलतच नाही. एक तर अॅपने लॉगिन न करताच बाहेरचा मेल पाठवायचा प्रयत्न केला, नाहीतर लॉगिन झालेल्याला पाठवू द्यावं ही परवानगी (परमिट_सासल_ऑथेंटिकेटेड) नियमांच्या यादीतून गळाली. ५५३ आणि ‘नॉट ओन्ड बाय यूजर’ आलं तर आनंद माना. लॉगिन झालंय, फक्त ‘कडून’च्या रकान्यातला पत्ता त्या खात्याचा नाही.

आकडाच नाही, जोडणी नुसतीच तुटली, तर लॉगमध्ये ‘फेटल’ शब्द शोधा. ‘नो सासल ऑथेंटिकेशन मेकॅनिझम्स’ अशी ओळ दिसली तर दोष जवळजवळ नेहमी सॉकेटचा किंवा सासलच्या प्रकाराचा असतो. त्यावर पुढे बोलूच.

लॉगमध्ये एक गंमतही दिसते. ‘सासल लॉगिन ऑथेंटिकेशन फेल्ड’च्या पुढे यू-जी-एफ-झेड-सी-३ अशी काहीतरी अगम्य अक्षरं असतात. कुणाचा तरी पासवर्ड फुटला असं वाटून माझ्या ओळखीतला एकजण रात्रभर झोपला नव्हता. ती अक्षरं म्हणजे बेस-६४ मध्ये लिहिलेला ‘पासवर्ड:’ हा इंग्रजी शब्द, सर्व्हरने विचारलेला प्रश्न. बाकी काही नाही.

आतून सुरुवात: डव्हकॉट एकटं

पोस्टफिक्स विसरा. रूट होऊन ‘डव्हअॅडम ऑथ टेस्ट’ आणि पुढे पूर्ण पत्ता, एवढंच टाका. पासवर्ड ओळीत लिहू नका, आज्ञा तो स्वतः विचारते आणि मग तो शेलच्या इतिहासात राहत नाही. ‘ऑथ सक्सीडेड’ आलं तर पुढच्या भागावर उडी मारा. नाही आलं तर इथेच थांबा. पोस्टफिक्समध्ये काहीही केलंत तरी फरक पडणार नाही.

कॉन्फ.डी फोल्डरमधल्या १०-लॉगिंग.कॉन्फ या फाइलीत ऑथ_व्हर्बोज आणि ऑथ_डीबग ‘यस’ करा, डव्हकॉट रीलोड करा आणि चाचणी पुन्हा घ्या. आता लॉग नीट बोलेल. दोन उत्तरं वारंवार येतात.

पहिलं, ‘अननोन यूजर’. म्हणजे त्या नावाने यादीत कुणी नाही. यादीत पूर्ण पत्ता आणि अॅपमध्ये नुसतं @ च्या आधीचं नाव, किंवा याच्या उलट, हे नेहमीचं कारण. ऑथ_यूजरनेम_फॉरमॅट या सेटिंगमध्ये कुणी टक्का-एन लिहिलं असेल तर डोमेन कापूनच शोध होतो, तेही तपासा. एक इशारा: यादी अनेक ठिकाणी असेल तर डव्हकॉट त्या क्रमाने पाहतं. लिनक्स खात्यांची यादी आधी असेल तर तिथे ‘अननोन यूजर’ येतं आणि लगेच पुढच्या ओळीत फाइलीत माणूस सापडतो. पहिली ओळ वाचून दचकू नका, शेवटपर्यंत वाचा. लिनक्स खाती वापरायचीच नसतील तर त्याच फोल्डरमधल्या १०-ऑथ.कॉन्फच्या तळाशी ऑथ-सिस्टिमची इन्क्लूड ओळ बंद करून ऑथ-पासडब्ल्यूडीफाइलची उघडा. त्या ओळींच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह असतं. प्रोग्रामिंग शिकलेले लोक त्याला नकार समजून काढून टाकतात. ते इन्क्लूड शब्दाचाच भाग आहे, राहू द्या. फक्त हॅश चिन्ह (#) काढायचं.

दुसरं उत्तर, ‘पासवर्ड मिसमॅच’. इथे खरोखर पासवर्ड चुकला असेल, पण त्याआधी यादीतली ओळ बघा. पासवर्डच्या आधी महिरपी कंसात कूटपद्धतीचं नाव हवं, उदाहरणार्थ शा-५१२-क्रिप्ट. ते नसेल तर फाइलीसाठी डव्हकॉट ‘क्रिप्ट’ गृहीत धरतं. म्हणजे साधा पासवर्ड तसाच लिहून ठेवलात तर तो कधीच जुळणार नाही. ‘डव्हअॅडम पीडब्ल्यू -एस’ आणि पद्धतीचं नाव (हे कॅपिटलमध्ये) देऊन नवा हॅश (म्हणजे पासवर्डचं कूटरूप) बनवा आणि कंसासकट चिकटवा. एकाच खात्यावर हे करून पाहा, सगळ्यांवर नको.

इथेच एका सद्हेतूने केलेल्या चुकीबद्दल सांगतो. ऑथ_मेकॅनिझम्समध्ये ‘प्लेन लॉगिन’ वाचून अनेकांना वाटतं, पासवर्ड उघडा जातोय, मग ते तिथे क्रॅम-एमडी५ घालतात. त्या पद्धतीला सर्व्हरवर पासवर्ड मूळ रूपात किंवा तिच्या स्वतःच्या खास रूपात लागतो. शा-५१२ हॅशवर ती चालत नाही. अॅप ती पद्धत आपणहून आधी निवडतं आणि बरोबर पासवर्डही नाकारला जातो. ‘प्लेन लॉगिन’च ठेवा आणि संरक्षणाचं काम टीएलएसवर सोपवा.

डेटाबेस वापरत असाल तर क्वेरीने परत दिलेल्या रकान्याचं नाव ‘पासवर्ड’च असायला हवं. तुमच्या टेबलात ते वेगळं असेल तर क्वेरीत ‘अॅज पासवर्ड’ लिहा. डेटाबेसच्या पासवर्डमध्ये हॅश चिन्ह असेल तर संपूर्ण किंमत अवतरणचिन्हांत घाला. डव्हकॉटच्या फाइलीत हॅशपासून पुढचं सगळं कॉमेंट धरलं जातं, आणि तुमचा पासवर्ड गुपचूप अर्धा होतो.

पासवर्ड फाइलीची परमिशनही बघून घ्या: मालक रूट, गट डव्हकॉट, ६४०. रूट म्हणून तुम्हाला ती वाचता येते, याचा अर्थ डव्हकॉटला वाचता येते असा होत नाही.

पासवर्ड जुळला तरी आयमॅप (मेल वाचायच्या जोडणीचं) लॉगिन ‘इंटर्नल एरर’ म्हणून पडत असेल, आणि त्याच वेळी मेल पाठवता मात्र येत असेल, तर ती फार उपयोगी खूण आहे. पाठवायला फक्त पासवर्डची यादी लागते. वाचायला ‘यूजरडीबी’ही लागतो: खात्याचं घर कुठे, कुठल्या यूआयडीने उघडायचं. ‘डव्हअॅडम यूजर’ आणि पत्ता टाकून ते उत्तर येतं का पाहा.

सॉकेट: दोघांमधली खिडकी

१०-मास्टर.कॉन्फमध्ये ‘सर्व्हिस ऑथ’ नावाचा भाग असतो आणि त्यात पोस्टफिक्ससाठीचा युनिक्स_लिसनर कॉमेंट करून ठेवलेला असतो. तो उघडायचा. पत्ता व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/प्रायव्हेट/ऑथ, मोड ०६६०, यूजर आणि ग्रुप दोन्ही पोस्टफिक्स. मूळ नमुन्यात यूजर-ग्रुपच्या ओळी नसतात आणि मोड ०६६६ असतो. तोही चालतो, पण दार सगळ्यांना उघडं कशाला?

हे उघडताना लोक वरच्या दोन ओळींचं हॅश चिन्ह काढतात आणि बंद होणाऱ्या महिरपी कंसाचं विसरतात. कंस मोजा. आणि आवृत्ती २.३ पर्यंत सगळं एका ओळीत कोंबायचा प्रयत्न करू नका, उघडणाऱ्या कंसानंतर नवी ओळ हवीच.

डव्हकॉट रीस्टार्ट करा आणि त्या जागी ‘एलएस -एल’ करा. ओळीची सुरुवात एस अक्षराने झाली म्हणजे सॉकेट जन्माला आला. फाइलच नसेल तर डव्हकॉटने तुमचा बदल वाचलेला नाही, ‘डव्हकॉन्फ -एन’मध्ये तो भाग दिसतो का ते पाहा. फाइल आहे पण पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ येतंय, तर यूजर-ग्रुप चुकलाय. रॉकी-अल्मावर परमिशन बरोबर असूनही हेच येत असेल तर एसईलिनक्सकडे (लिनक्सवरच्या जादा सुरक्षा पहाऱ्याकडे) संशयाने बघा.

पोस्टफिक्स: एक फाइल जागेची वैरी, दुसरी जागेची भुकेली

पोस्टफिक्सच्या दोन कॉन्फिग फाइली: मेन.सीएफ आणि मास्टर.सीएफ. मेन.सीएफमध्ये तीन ओळी लागतात (‘बरोबर’ म्हणजे = चिन्ह). एसएमटीपीडी_सासल_टाइप बरोबर डव्हकॉट. एसएमटीपीडी_सासल_पाथ बरोबर प्रायव्हेट/ऑथ. आणि एसएमटीपीडी_सासल_ऑथ_एनेबल, जी मी मेन.सीएफमध्ये ‘नो’ ठेवतो आणि फक्त ५८७ साठी मास्टर.सीएफमध्ये ‘यस’ करतो. २५ नंबरवर जगभरचे सर्व्हर मेल टाकायला येतात. तिथे लॉगिनची खिडकी उघडी ठेवली तर फक्त पासवर्ड चाचपणारे येतात.

पाथमध्ये सुरुवातीची तिरकी रेघ नाही, पूर्ण पत्ता नाही, हे मुद्दाम आहे. डेबियनवर पोस्टफिक्सचा हा भाग व्हार/स्पूल/पोस्टफिक्समध्ये कोंडलेला असतो, त्याला बाहेरचं दिसत नाही, त्यामुळे पत्ता तिथूनच मोजला जातो. पूर्ण पत्ता लिहिलात की ‘नो सच फाइल’. टाइपची ओळच नसेल तर पोस्टफिक्स डव्हकॉटऐवजी सायरस ही सासलची दुसरी लायब्ररी शोधतं, कारण मूळ किंमत तीच आहे. मगाशी सांगितलेल्या ‘नो मेकॅनिझम्स’चं हे दुसरं कारण.

आता व्याकरण. मेन.सीएफमध्ये ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा असेल तर ती ओळ वरच्या ओळीचं शेपूट मानली जाते. नीटनेटकं दिसावं म्हणून आत सरकवलेली ओळ अशी हरवते. दुसरं, ओळीच्या शेवटी कॉमेंट चालत नाही. ‘यस’च्या पुढे हॅश टाकून ‘मी बदललं’ असं लिहिलंत तर ते सगळं मिळून किंमत होते आणि पोस्टफिक्स कोलमडतं. डव्हकॉटमध्ये हेच बिनदिक्कत चालतं. तिसरं, एकच सेटिंग दोनदा लिहिलं तर शेवटचं खरं. एका पतसंस्थेच्या सर्व्हरवर मी अख्खी शनिवारची दुपार वरची ओळ नीट करण्यात घालवली होती. कुठल्याशा स्क्रिप्टने फाइलीच्या तळाशी तीच ओळ ‘नो’ म्हणून लिहून ठेवली होती. ‘पोस्टकॉन्फ -एन’ने ‘ओव्हरराइडिंग अर्लियर एंट्री’ असा इशारा दिला होता, तो मी वाचला नव्हता. स्पेलिंग चुकलेल्या सेटिंगलाही ही आज्ञा ‘अनयूज्ड पॅरामीटर’ म्हणून पकडते. आउटपुटसोबत येणाऱ्या इशाऱ्याच्या ओळी गाळू नका.

मास्टर.सीएफचं उलट आहे. तिथे ‘-ओ’च्या ओळीआधी मोकळी जागा हवीच, कारण त्या वरच्या सर्व्हिसचं शेपूट आहेत. पण ‘-ओ’च्या आत बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा नको. मूळ फाइलीत ‘सबमिशन’ची (म्हणजे ५८७ ची) ओळ आणि तिच्याखालच्या ‘-ओ’ ओळी सगळ्या कॉमेंटमध्ये असतात. फक्त सबमिशनची ओळ उघडली तर पोर्ट उघडतं पण लॉगिन नसतं. याच्या उलट केलं, म्हणजे ‘-ओ’ ओळी उघडल्या आणि सबमिशनची ओळ राहून गेली, तर त्या ओळी वरच्या उघड्या सर्व्हिसला, म्हणजे २५ नंबरला जाऊन चिकटतात. मग लॉगिन न केलेल्या प्रत्येकाला नकार, म्हणजे बाहेरून येणारा सगळा मेल परत. लॉगिन दुरुस्त करता करता येणारा मेल बंद पडला असेल तर पहिल्यांदा हे बघा.

पोस्टफिक्सला त्यातून काय समजलं ते ‘पोस्टकॉन्फ -एम’ आणि ‘पोस्टकॉन्फ -पी’ने दिसतं, दोन्ही अक्षरं कॅपिटल. मेन.सीएफ ‘नो’ म्हणतेय आणि लॉगिन तरी चालतंय, हे कोडंही इथेच सुटतं. मग ‘पोस्टफिक्स चेक’, आणि रीलोड.

हाताने बोलून पाहणं

अॅपला अजून हात लावायचा नाही. स्वॅक्स नावाचं छोटं साधन आहे, डेबियनच्या पॅकेजमध्ये मिळतं. त्याला सर्व्हर, पोर्ट, टीएलएस आणि खातं सांगितलं की सगळा संवाद ओळीओळीने समोर येतो. ते नसेल तर ओपनएसएसएलचं एस_क्लायंट, स्टार्ट-टीएलएस एसएमटीपी हा पर्याय लावून. ईएचएलओ (संवादातला पहिला नमस्कार) म्हटल्यावर उत्तरात २५०-ऑथ प्लेन लॉगिन दिसलं पाहिजे.

साध्या टेलनेटने ५८७ वर गेलात आणि ऑथ दिसलं नाही, तर ते बिघडलेलं नाही. एसएमटीपीडी_टीएलएस_ऑथ_ओन्ली ‘यस’ असेल तर टीएलएस होईपर्यंत पोस्टफिक्स लॉगिनचं नावही काढत नाही. तसंच हवं.

ऑथ प्लेनसाठी लागणारी बेस-६४ची ओळ ‘प्रिंटएफ’ने बनवा. शून्य बाइट, नाव, शून्य बाइट, पासवर्ड, या क्रमाने. ‘एको’ वापरलं तर शेवटी नवी ओळ चिकटते आणि खरा पासवर्डही खोटा ठरतो. एस_क्लायंटमध्ये आणखी एक खोच: कॅपिटल आरने सुरू होणारी ओळ त्याला स्वतःची आज्ञा वाटते. म्हणून आरसीपीटी लहान अक्षरांत लिहा किंवा -क्वाएट लावा.

इथवर सगळं चाललं तर सर्व्हर निर्दोष. आता अॅप. मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांनी एक बघावं: फोनवर पासवर्डमधले अंक देवनागरीत तर टाइप होत नाहीत ना? ठिपक्यांमागे ४ आहे की इंग्रजीतला चार, हे दिसत नाही. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेला पासवर्ड चिकटवताना शेवटची स्पेस सोबत येते, हेही तितकंच नेहमीचं. डव्हकॉटच्या लॉगमध्ये ‘नो ऑथ अटेम्प्ट्स’ असं असेल तर अॅपने पासवर्ड पाठवलाच नाही, बहुधा सर्टिफिकेट न पटल्यामुळे. अॅपमध्ये सर्व्हरचं नाव म्हणून आयपी लिहिलेला असतो आणि सर्टिफिकेट नावाचं असतं, हे त्याचं सर्वांत सामान्य कारण.

एका डी-ची गोष्ट

एसएमटीपीडी_सासल आणि एसएमटीपी_सासल ही दोन वेगळी कुटुंबं आहेत. ‘डी’ असलेलं येणाऱ्याची ओळख तपासतं. ‘डी’ नसलेलं तुमच्या सर्व्हरला दुसऱ्याच्या दारात ओळख सांगायला लावतं, म्हणजे तुम्ही गूगल किंवा दुसऱ्या रिलेमार्फत (मेल पुढे नेणाऱ्या मधल्या सर्व्हरमार्फत) मेल बाहेर पाठवत असाल तेव्हा. दोन्हींच्या ओळी शेजारी शेजारी चिकटवून कुठल्या कशासाठी हे विसरणं फार सोपं आहे.

रिलेवाल्या बाजूच्या तीन गोष्टी. रिलेहोस्टमध्ये चौकोनी कंस आणि पोर्ट जसं लिहिलंय, अगदी तसंच सासल_पासडब्ल्यूडी फाइलीत हवं, एक कंस कमी पडला तरी जुळत नाही. फाइल बदलल्यावर ‘पोस्टमॅप’ चालवा, नाहीतर जुनीच माहिती वाचली जाईल. आणि ‘नो मेकॅनिझम अव्हेलेबल’ आलं तर डेबियनवर लिबसासल२-मॉड्यूल्स हे पॅकेज बसवायचं राहिलंय. गूगलमार्फत पाठवताना खात्याचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही, टू-स्टेप चालू करून १६ अक्षरांचा अॅप पासवर्ड घ्यावा लागतो.

अपग्रेडनंतर सगळंच पडलं असेल तर

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं आणि त्यासोबत डव्हकॉट २.४. जुनी २.३ ची कॉन्फिग त्यावर जशीच्या तशी चालत नाही. पहिल्या ओळीत डव्हकॉट_कॉन्फिग_व्हर्जन लागतं, पासवर्डच्या यादीचे भाग लिहायची पद्धत बदलली आहे, डेटाबेसची वेगळी फाइल मुख्य कॉन्फिगमध्ये आली आहे. डिसेबल_प्लेनटेक्स्ट_ऑथ जाऊन ऑथ_अलाउ_क्लिअरटेक्स्ट आलंय, आणि अर्थ उलटा आहे: आधी ‘यस’ म्हणजे सुरक्षित, आता ‘नो’ म्हणजे सुरक्षित. जुनी फाइल ठिगळं लावत दुरुस्त करण्यापेक्षा पॅकेजची नवी फाइल घेऊन तिच्यात आपले आठ-दहा बदल पुन्हा करणं लवकर होतं. इंटरनेटवरचे बहुतेक लेख २.३ चे आहेत, चिकटवण्याआधी ‘डव्हकॉट --व्हर्जन’ बघा.

चाचण्या घेता घेता अचानक जोडणीच होईनाशी झाली, ५३५ सुद्धा येईना, तर फेल२बॅनने (वारंवार चुकणाऱ्या आयपीला रोखणाऱ्या प्रोग्रामने) तुम्हालाच बाहेर काढलेलं असेल. त्याचं मूळ सेटिंग १० मिनिटांत ५ चुका झाल्या की १० मिनिटं बंदी, असं आहे. आपला आयपी अपवादांच्या यादीत टाकून काम करा.

शेवटी आवराआवर. ऑथ_डीबग बंद करा. मध्येच वैतागून ऑथ_डीबग_पासवर्ड्स चालू केलं असेल तर ते बंद करून थांबू नका. त्या काळात ज्यांनी ज्यांनी लॉगिन केलं त्यांचे पासवर्ड लॉगमध्ये उघडे पडले आहेत. तो लॉग पुसा, बॅकअपमध्ये गेला असेल तर तिथूनही काढा, आणि त्या खात्यांचे पासवर्ड बदलून द्या.